शून्य बरोबर तीन : एका न सुटलेल्या गणिताचं प्रकरण

एकच गणित तिने तीनदा सोडवलं होतं. तिन्ही वेळा शेवटची ओळ तीच आली होती: ० = ३. खाली लाल पेनाने मोठं प्रश्नचिन्ह. वही माझ्यापुढे सरकवत ती म्हणाली, "सर, चूक सापडतच नाहीये."

चूक नव्हतीच. पण "चूक नाही, या समीकरणांना उत्तर नाही" एवढं सांगून वही परत दिली असती, तर ती मान डोलावून गेली असती आणि पुढच्या ० = ३ ला पुन्हा तशीच अडली असती. म्हणून या एका गणितावर आम्ही चार बैठका घालवल्या. त्यांतली एक माझ्या चुकीमुळे अर्धी वाया गेली.

गणित असं होतं:

क्ष + २य = ३
२क्ष + य + ३झ = ४
३क्ष + ३य + ३झ = १०

रेषीय बीजगणिताचा पेपर तिने आधीच चांगल्या गुणांनी काढलेला. मॅट्रिक्सचा (आकड्यांच्या चौकोनी तक्त्याचा; इथे समीकरणांतल्या सहगुणकांचा) गुणाकार, व्यस्त, निश्चयक (त्या तक्त्यातून निघणारा एक आकडा), आयगेनव्हॅल्यू, सगळं हाताला सवयीचं. आता तिला संख्याशास्त्राकडे वळायचं होतं आणि तिथल्या पुस्तकांत सदिश (दिशा आणि लांबी असलेला बाण), प्रक्षेप, उपावकाश हे शब्द रोजच्या बोलण्यासारखे येत होते. तिच्या डोक्यात त्या शब्दांना आकृती नव्हती. मी विचारलं, "या मॅट्रिक्सचा निश्चयक किती?" तिने तोंडी काढला. शून्य. "म्हणजे काय?" "क्रेमरची पद्धत चालणार नाही." "का?" "शून्याने भागावं लागेल."

उत्तर बरोबर आहे. पण ते हत्याराबद्दल आहे, वस्तूबद्दल नाही. स्क्रू का फिरत नाही असं विचारल्यावर "पाना बसत नाही" म्हणण्यासारखं.

"विसंगत" हा शब्दही तिला माहीत होता. मात्र तिच्या लेखी तो प्रश्नाचा एक प्रकार होता. "सुसंगत आहे का ते तपासा" असं विचारलं की विसंगत निघू शकतं. "सोडवा" म्हटलं की सुटलंच पाहिजे. इथे "सोडवा" लिहिलं होतं. म्हणून ती चूक शोधत बसली.

तिची आकडेमोड अशी. दुसऱ्या समीकरणातून पहिल्याची दुप्पट वजा केली: −३य + ३झ = −२. तिसऱ्यातून पहिल्याची तिप्पट वजा केली: −३य + ३झ = १. मग या दोघांची वजाबाकी. डावीकडे काहीच उरत नाही, उजवीकडे ३ उरतात. हा ३ कुठून आला आणि तो नेमकं काय मोजतो, हा या प्रकरणाचा गाभा आहे.

पहिली बैठक: तंबू

तीन समीकरणं म्हणजे तीन प्रतलं, हे तिला पाठ होतं. उत्तर म्हणजे तिन्ही प्रतलांवर असलेला बिंदू, हेही. मग उत्तर नाही म्हणजे प्रतलं समांतर असणार, असं तिने लगेच ठरवलं. मी म्हटलं, सहगुणक बघ. (१, २, ०), (२, १, ३), (३, ३, ३). यांतला कुठलाच दुसऱ्याच्या पटीत नाही, म्हणजे कुठलीच दोन प्रतलं समांतर नाहीत. प्रत्येक जोडी एका रेषेत छेदते. तरी तिघांना मिळून एकही बिंदू नाही?

ती बराच वेळ गप्प होती. मग पुठ्ठ्याचे तीन तुकडे घेतले. दोन एकमेकांना टेकवून उतार केले, तिसरा खाली जमिनीसारखा ठेवला. तंबू. दोन उतार वर एका रेषेत भेटतात, प्रत्येक उतार जमिनीला एका रेषेत भेटतो, आणि या तिन्ही रेषा एकमेकींना समांतर आहेत. दोघादोघांच्या भेटी होतात, तिघांची होत नाही.

त्या रेषांची दिशा तिने स्वतः काढली. उजवीकडे तिन्ही शून्य ठेवून सोडवलं: य आणि झ सारखे, क्ष त्यांच्या उणे दुप्पट. दिशा (−२, १, १). तिन्ही रेषांना एकच. तिने ती वहीच्या कोपऱ्यात लिहून भोवती चौकट केली.

इथवर छान चाललं होतं. मग मी घाई केली.

माझी चूक

तंबू समजला म्हणून त्याच बैठकीत मी दुसरं चित्र काढायला घेतलं. मॅट्रिक्सच्या ओळी न वाचता स्तंभ वाचायचे. पहिला स्तंभ (१, २, ३), दुसरा (२, १, ३), तिसरा (०, ३, ३). हे आरंभबिंदूपासून निघालेले तीन बाण. क्ष, य, झ म्हणजे कुठला बाण किती घ्यायचा ते प्रमाण. तिन्ही बाण योग्य प्रमाणात एकापुढे एक जोडून (३, ४, १०) या टोकापर्यंत पोचायचं. हे तीन बाण एकाच प्रतलात पडतात आणि लक्ष्य त्या प्रतलाबाहेर आहे, म्हणून पोचता येत नाही.

सगळं खरं. पण मी ते त्याच पानावर, त्याच तीन अक्षांवर काढलं. तिने विचारलं, "सर, मग हे चौथं प्रतल त्या तंबूला कुठे छेदतं?"

त्या प्रश्नाने माझी चूक मला दिसली. तंबू ज्या अवकाशात उभा आहे तिथले अक्ष क्ष, य, झ आहेत. तिथला बिंदू म्हणजे तीन प्रमाणं. बाण ज्या अवकाशात आहेत तिथले अक्ष पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या समीकरणाची उजवी बाजू दाखवतात. तिथला बिंदू म्हणजे तीन निकाल. ही दोन वेगळी जगं. मॅट्रिक्स पहिल्या जगातला बिंदू घेतं आणि दुसऱ्या जगात नेऊन ठेवतं. गणित तीन बाय तीनचं असल्यामुळे दोन्ही जगं त्रिमितीच, म्हणून ती एकच वाटतात. तीन समीकरणं आणि दोन चलं घेतली असती तर एक जग कागदासारखं सपाट आणि दुसरं खोलीसारखं झालं असतं, गोंधळ उडालाच नसता. शिकवायच्या पहिल्या उदाहरणासाठी चौरस मॅट्रिक्स घेऊ नये, या मतावर मी तेव्हापासून ठाम आहे. पाठ्यपुस्तकं नेमकी तेच करतात, कारण निश्चयक चौरसाचाच निघतो.

त्या दिवशी आम्ही तिथेच थांबलो. पुढच्या वेळी दोन वेगळे कागद घेतले. एकावर लिहिलं "किती घ्यायचं", दुसऱ्यावर "कुठे पोचलो".

दुसरी बैठक: बाण एका रेषेत

संगणकावर त्रिमितीय आलेख काढणारं एक साधं साधन उघडलं, तीन बाण काढले आणि माउस तिच्या हातात दिला. चित्र फिरव म्हटलं. पहिल्यांदा तीन बाण तीन दिशांना पसरलेले दिसत होते. फिरवत फिरवत एका कोनात आल्यावर तिन्ही बाण एकमेकांत मिसळले आणि पडद्यावर नुसती एक रेष उरली. पुस्तक कडेने धरल्यावर पान दिसेनासं होतं, तसं. लक्ष्याचा चौथा बाण मात्र त्या रेषेपासून थोडा फुटलेला.

"हे सपाट आहे!" ती म्हणाली.

निश्चयक शून्य म्हणजे हे. तीन बाणांना कडा मानून जी तिरकी पेटी तयार होते, तिचं घनफळ निश्चयक सांगतो (चिन्ह बाजूला ठेवून). पेटी चपटी झाली की घनफळ शून्य. क्रेमरने १७५० मध्ये छापलेल्या पद्धतीत प्रत्येक उत्तर दोन निश्चयकांच्या भागाकारातून येतं, म्हणजे दोन पेट्यांच्या घनफळांच्या गुणोत्तरातून. छेदातली पेटी चपटी असेल तर गुणोत्तराला अर्थच उरत नाही. तिचं "शून्याने भागावं लागेल" हे उत्तर आता कुठे वस्तूला जाऊन चिकटलं.

मग मी विचारलं, हे प्रतल नेमकं कुठलं? तिने तीन बाणांच्या टोकांकडे पाहिलं. १ आणि २ मिळून ३. २ आणि १ मिळून ३. ० आणि ३ मिळून ३. "तिसरा आकडा पहिल्या दोघांची बेरीज आहे." म्हणजे हे बाण कसेही ताणा, जोडा, उलटे करा, टोक नेहमी अशाच ठिकाणी पोचणार जिथे तिसरा आकडा पहिल्या दोघांची बेरीज असेल. आता लक्ष्य बघ: (३, ४, १०). ३ आणि ४ मिळून ७.

"दहा हवे होते. तीनने हुकलं." आणि क्षणभराने, "सर, हा तोच तीन आहे!"

तोच होता. तिच्या आकडेमोडीचं सगळं काही एकत्र केलं तर तिने तिसऱ्या समीकरणातून पहिलं आणि दुसरं एकेकदा वजा केलं होतं, बाकी सगळं आपसांत कटलं होतं. उजवीकडे १० − ४ − ३. ती तीनदा चूक म्हणून शोधत होती ते एक मोजमाप होतं: लक्ष्यापासून तिसऱ्या अक्षाच्या दिशेने सरळ खाली उतरलं तर प्रतल किती अंतरावर लागतं, ते. (३, ४, १०) पासून (३, ४, ७) पर्यंत. बरोबर तीन.

एक सावधगिरी इथेच सांगावी लागली. शेवटच्या ओळीला कुणी दोनाने गुणलं तर ० = ६ येईल आणि अंतर काही दुप्पट होणार नाही. तिच्या ओळीत तिसरं समीकरण एकदाच, एकपटीने आलं होतं, म्हणून तो ३ थेट उभं अंतर ठरला. शिवाय उभं अंतर म्हणजे सर्वांत कमी अंतर नव्हे. प्रतल तिरकं आहे. लंब दिशा (−१, −१, १), तिची लांबी √३, तेव्हा लंब अंतर ३ भागिले √३, म्हणजे √३, सुमारे १.७३. वरची ओळ दोनाने गुणली तर लंब सदिशही दुप्पट लांब होतो आणि भागाकार तोच राहतो. हे तिने स्वतः करून पाहिलं. माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही ही तिची चांगली सवय.

चौकटीतला सदिश

बैठक संपत आली असताना मी तिला पहिल्या कागदावरची चौकट दाखवली: (−२, १, १). म्हटलं, हे आकडे आता दुसऱ्या कागदावर वापरून बघ. प्रमाणं म्हणून.

पहिल्या बाणाची उणे दुप्पट: (−२, −४, −६). त्यात दुसरा (२, १, ३) आणि तिसरा (०, ३, ३). बेरीज (०, ०, ०).

पहिल्या जगात जी तंबूच्या कडांची दिशा होती, तीच दुसऱ्या जगात तीन बाणांच्या परस्परावलंबनाची कृती निघाली. या प्रमाणात बाण जोडले की तुम्ही निघालात तिथेच परत येता. म्हणूनच पहिल्या जगात या दिशेने कितीही सरकलं तरी दुसऱ्या जगात काही हलत नाही. नल स्पेस (मॅट्रिक्स ज्यांना शून्यावर नेतं ते सदिश), रेषीय अवलंबन, समांतर छेदरेषा: तिच्या वहीत ही तीन वेगळ्या धड्यांतली तीन वेगळी नावं होती. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात एकच क्षण राखायचा असेल तर मी हा राखेन. ० = ३ चा उलगडा नाट्यमय होता, पण काम याने केलं.

तशी तिची वाट इतिहासाच्या वाटेपेक्षा वेगळी नव्हती. चल काढून टाकत समीकरणं सोडवायची रीत चीनमध्ये सुमारे २००० वर्षांपूर्वी मोजकाठ्या मांडून वापरली जात होती. "मॅट्रिक्स" हा शब्द सिल्वेस्टरने १८५० मध्ये काढला, आणि सदिश अवकाशाची स्वयंसिद्धकं पेआनोने १८८८ मध्ये मांडली. आकडेमोड आधी, आकृती फार नंतर.

तिसरी बैठक: थोडंसं हलवून

ही बैठक तिच्या प्रश्नामुळे झाली. "तिसऱ्या ओळीतला शेवटचा ३ जरासा बदलला तर? ३.०१ केला तर निश्चयक शून्य राहणार नाही."

राहत नाही, −०.०३ होतो. उत्तरही मिळतं, एकमेव. झ = ३००, य सुमारे ३००.६७, क्ष सुमारे −५९८.३३. तिसऱ्या समीकरणात टाकून बघितलं, बरोबर १० येतात. ३.०१ ऐवजी २.९९ ठेवले तर झ थेट −३०० वर जातो. एका सहगुणकात दोन शतांशांचा फरक आणि उत्तर शेकड्यांनी इकडून तिकडे.

आकडेमोडीला हे फक्त विचित्र दिसतं. तंबूत ते उघड आहे: कडा आता काटेकोर समांतर नाहीत, किंचित कलल्यात, म्हणून भेटतात, पण फार लांब जाऊन. कुठल्या दिशेला? (−५९८, ३०१, ३००) हे साधारण ३०० गुणिले (−२, १, १) आहे. चौकटीतलाच सदिश. तो तिने माझ्याआधी ओळखला.

"निश्चयक शून्य नाही म्हणजे सगळं ठीक" हा समज इथे गेला, न सांगता. प्रत्यक्षातले आकडे मोजलेले असतात, त्यांत असा शतांश सहज इकडेतिकडे होतो.

मग उत्तर काय द्यायचं?

लक्ष्य गाठता येत नसेल तर जितकं जवळ जाता येईल तितकं जावं. प्रतलावरचा सर्वांत जवळचा बिंदू म्हणजे लक्ष्यापासून टाकलेल्या लंबाचा पाया. (३, ४, १०) मधून चूक-सदिश (−१, −१, १), म्हणजे मघाचाच √३ लांबीचा लंब, वजा केला की (४, ५, ९). ४ आणि ५ मिळून ९, म्हणजे आपण प्रतलावर आहोत. तिथे पोचायला पहिला बाण दोनदा, दुसरा एकदा. चूक-सदिश तिन्ही बाणांना लंब आहे का हे अदिश गुणाकाराने (जागच्या जागी आकडे गुणून बेरीज; शून्य आली की लंब) तपासलं: तिन्ही वेळा शून्य.

हीच न्यूनतम वर्गांची रीत. लजांद्रने १८०५ मध्ये ती छापली, गाउसने १८०९ मध्ये आपली मांडणी दिली आणि आधीपासून वापरत असल्याचा दावा केल्याने दोघांत वाद झाला. संख्याशास्त्रातलं तिचं पुस्तक या रीतीचं सूत्र परिवर्त मॅट्रिक्सने (स्तंभांच्या ओळी केलेल्या मॅट्रिक्सने) गुणून सुरू करत होतं. ते गुणणं म्हणजे "चूक प्रत्येक बाणाला लंब असू दे" एवढंच म्हणणं आहे. तिने सूत्राशेजारी समासात काटकोनाची छोटी खूण काढली.

इथे एक गाठ होती आणि तीही तिनेच पकडली. (२, १, ०) हे एक उत्तर, पण त्यात चौकटीतला सदिश मिळवला तर (०, २, १) हेही उत्तर, तेही (४, ५, ९) वरच पोचतं. मग खरं कुठलं? सगळीच. एकच हवं असेल तर सर्वांत आखूड घ्या, म्हणजे चौकटीतल्या सदिशाला लंब असेल ते: (१, १.५, ०.५). पुन्हा लंबच, पण या वेळी पहिल्या कागदावर.

चित्राने फसवलं तेव्हा

चौथ्या बैठकीपर्यंत ती प्रत्येक गोष्ट चित्राने पाहू लागली होती, आणि मला थोडी काळजी वाटू लागली होती. मी विचारलं, आरंभबिंदूतून जाणारी दोन प्रतलं कमीत कमी किती ठिकाणी भेटतील? "एका रेषेत तरी भेटतीलच." त्रिमितीत, हो. चौमितीत?

"तिथेही." ठामपणे. तिने पुठ्ठे उचलूनही दाखवले.

चार अक्ष घे. पहिले दोन अक्ष मिळून एक प्रतल: (अ, ब, ०, ०). शेवटचे दोन मिळून दुसरं: (०, ०, क, ड). दोन्हीत असलेला बिंदू कुठला? चारही आकडे शून्य. फक्त आरंभबिंदू. ही दोन प्रतलं सुईच्या टोकावर भेटावीत तशी भेटतात, आणि खोलीतला कुठलाच पुठ्ठा हे दाखवू शकत नाही. त्रिमितीत २ आणि २ मिळून ४, जागा ३, म्हणून किमान १ मिती सामायिक राहणारच. चौमितीत जागाच ४ आहे, सक्ती संपली. पुठ्ठ्याने तिला जे शिकवलं होतं ते प्रतलांबद्दल नव्हतं, खोलीबद्दल होतं.

तिला ते आवडलं नाही. चित्रं नुकती कुठे हाताशी आली होती. मी तिला उपाय म्हणून काही दिलं नाही, फक्त एक सवय लावायला सांगितली: चित्रातून काही खरं वाटलं की ते बाणांची प्रमाणं आणि बेरजा यांच्या भाषेत लिहून बघ. लिहिता आलं तर कितीही मितींत चालेल. नाही आलं तर ते बहुधा खोलीमुळे खरं आहे.

काही दिवसांनी ती वही घेऊन आली. या वेळी समीकरणं नव्हती, बहुपदी होत्या. एका ओळीत लिहिलं होतं की १ आणि ट यांची कुठलीही प्रमाणं घेऊन बेरीज केली तर सरळ रेषांचे सगळे आलेख मिळतात, म्हणजे हे दोन "बाण" आहेत आणि सगळ्या सरळ रेषा मिळून त्यांचं "प्रतल". ट चा वर्ग त्या प्रतलाबाहेर. खाली प्रश्न: "त्याच्या सर्वांत जवळची सरळ रेषा कुठली? पण लंब कसा टाकायचा? इथे कोन कुठे आहे?"

बाजूला पुन्हा लाल पेनाचं प्रश्नचिन्ह होतं. मी तिला −१ पासून १ पर्यंत १ गुणिले ट याचं संकलन (इंटिग्रेशन) करायला सांगितलं, अदिश गुणाकारातल्या बेरजेच्या जागी. शून्य आलं. तिने आकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि १ व ट यांच्या मध्ये काटकोनाची खूण काढली.